विशेष काही नाही

त्सियालाबाई लोखंडी स्टुलावर बसून
यकृताचा काप उजेडात धरतात : जायफळ.
मग प्लीहा : साबुदाणा.
हृदयाचं आवरण : लोणी लावून चिकटवलेले दोन पाव
ओढून वेगळे केले तर दिसतात तसं.
आम्ही वहीत उतरवून घेतो.
त्बिलिसीत नोव्हेंबर, खिडकीवर वाफ.
बाराच्या सुमारास डबा उघडायची इच्छा मरते.

कुणीतरी भुकेला उभा असणार या टेबलाशी
पहिल्यांदा, सकाळपासून काही न खाल्लेला,
त्यानं ठेवली ही नावं.
आमच्याकडे नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं.
इथे दोषालाच नाव ठेवतात,
आणि तेही इतक्या मायेनं.

त्यांचा भाऊ माल्खाझ तेलावीजवळ वाइन करतो.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण,
त्यांवर झुकून तो म्हणतो,
हिला अंग आहे. हिला कणा नाही.
ही अजून तोंड उघडत नाही, एप्रिलमध्ये बोलेल.
पेल्याच्या काचेवरून ओघळतं त्याला तो पाय म्हणतो,
त्याची बायको आसवं म्हणते,
वीस वर्षं यावर वाद आहे.
तळघर दुरुस्त करणारा वाझा गवंडी
वाइनबद्दल काही बोलत नाही.
भिंतीवर तळहात टेकून एवढंच सांगतो,
हिला पोट सुटलंय.

सप्टेंबरात, तोडणीच्या गडबडीत,
माल्खाझच्या जबड्याखाली काही लागलं हाताला.
सोनोग्राफीवाल्यानं लिहिलं अठरा गुणिले अकरा.
डॉक्टर म्हणाले, द्राक्षाएवढी.
कुठलं द्राक्ष ते त्यांनी सांगितलं नाही,
म्हणून यानंच सांगितलं :
सापेरावी, पिकायच्या पंधरा दिवस आधीचं, देठाकडे कडक.

माझ्या भाषेत तिला गाठ म्हणतात.
दोऱ्याला बसते तीही, लाकडात असते तीही,
आणि माणसांची पडते तीही.
मी हे कुणाला सांगितलं नाही.
त्या आठवड्यात ते बरं दिसलं नसतं.

बाईंनी भावाची काचपट्टी बघितली नाही.
नानुलीला दिली, आणि स्वतः
तिच्या दाराबाहेर उभं राहून
दुसऱ्याच कुणाच्या आतड्याबद्दल मला प्रश्न विचारले.
उत्तरं चुकली. त्यांच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट राहिली. दोन वर्षांपूर्वी
बोर्दोहून आलेल्या एका परीक्षकानं
माल्खाझच्या सातव्या रांजणातला घोट घेऊन
कागदावर तीन शब्द लिहिले होते : विशेष काही नाही.
तो कागद तळघरात खिळ्याला आहे,
वर नरसाळं टांगलेलं.
पंधरा दिवस हा माणूस कुणाशी बोलला नव्हता.
वाईट म्हटलं असतं तर भांडलो असतो, म्हणे.

शनिवारी बाई अहवाल घेऊन तेलावीला गेल्या,
मलाही नेलं.
चष्मा लावून, वर्गातल्या आवाजात वाचू लागल्या.
आकार, रंग, कापलेली कड.
पेशींची रचना : विशेष काही नाही.

पुन्हा वाच, माल्खाझ म्हणाला.
त्यांनी वाचलं.
तेवढंच, शेवटचं.
विशेष काही नाही.
कागद त्यानं मागून घेतला, वाचला नाही,
नुसता हातात धरून खाली तळघरात गेला,
आणि बराच वेळ आला नाही.

आला तेव्हा सुरईत सातव्या रांजणातली होती.
माझ्या पेल्यात ओतून माझ्याकडे बघत राहिला.
जिभेवर तुरट काहीतरी, मागून ओली माती,
अक्रोडाची साल,
मी शब्द जुळवत होते,
त्यानं हात वर केला : नको. पी.

बाईंनी पेला उजेडाकडे धरला,
सवयीनं, काप धरतात तसा,
आणि काहीच म्हणाल्या नाहीत.
काचेवरून काही ओघळत होतं.
वहिनी माल्खाझकडे बघत होती, तो वहिनीकडे,
कुणी वाद घातला नाही.
तेवढ्यात खालून वाझा ओरडला,
अरे पोट वाढतंय हिचं,
कुणीतरी टेकू घेऊन या.